कमान कापायची नाही: विटांच्या फायरप्लेसमध्ये पेलेट इन्सर्ट

गेल्या अंकात मी सहज एका वाक्यात लिहून गेले होते की आमच्या घरातल्या पेलेट स्टोव्हचा (लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या जाळणारा स्टोव्ह) हा बारावा हिवाळा आहे, आणि त्या एका वाक्यावर एवढे प्रश्न आले की या वेळी सदराची सगळी जागा त्यालाच देतेय. नळ गळणं आणि बेसमेंटची ओल पुढच्या अंकात.

प्रश्न (एक वाचक, वूस्टरजवळ, मॅसॅच्युसेट्स): ताई, नमस्कार. आम्ही मागच्या वर्षी १९३१ सालचं ट्यूडर धाटणीचं घर घेतलं. हीटिंग ऑइलचं आहे आणि पहिल्याच हिवाळ्यात बिल बघून धसका घेतला. लिव्हिंग रूममध्ये विटांची सुंदर फायरप्लेस आहे, वरून गोल कमान. लाकडं जाळून बघितली पण समोर बसलं की तोंड भाजतं आणि बाकीचं घर आणखी गार पडतं. म्हणून पेलेट इन्सर्ट, म्हणजे फायरप्लेसच्या आत बसणारा पेलेट स्टोव्ह, बघायला गेलो. दुकानात रुंदी आणि उंची विचारली, मी सांगितली, रुंदी ३६ इंच, उंची मधोमध २८ इंच, ते म्हणाले आरामात बसेल, इन्सर्टला २४ इंच उंची लागते. मग त्यांचा माणूस घरी बघायला आला तर म्हणतो दोन्ही कोपऱ्यांत अडेल, कमानीच्या बाजूच्या दोनचार विटा फोडाव्या लागतील, अर्ध्या तासाचं काम आहे. बायको म्हणते घर घेतलं तेच मुळी त्या कमानीसाठी. काय करू?

उत्तर: पहिलं म्हणजे विटा फोडू देऊ नका. बाकी सगळं नंतर.

कमान ही शोभेची गोष्ट नाहीये. सरळ चौकोनी फायरप्लेसच्या तोंडावर लोखंडाची पट्टी टाकलेली असते, वरच्या विटांचं वजन ती पेलते. कमान असेल तर बऱ्याच जुन्या घरांत अशी पट्टी नसतेच, कारण तिची गरजच नसते, विटा पाचरीसारख्या एकमेकींत दाबून बसलेल्या असतात आणि वरचा भार त्या बाजूंना ढकलत ढकलत दोन्हीकडच्या भिंतीत उतरवतात. आपल्याकडे वाड्याच्या दिंडी दरवाजाची कमान दोनदोनशे वर्षं उभी राहते ती याच जोरावर. आता तुमचा माणूस ज्या विटा फोडायच्या म्हणतोय त्या बरोबर खांद्यातल्या आहेत, म्हणजे जिथून तो सगळा जोर खाली उतरतो तिथल्याच. फोडल्या त्या दिवशी काही होणार नाही कदाचित, पण एखाद्या हिवाळ्यानंतर सांध्यांत केसासारखी चीर दिसायला लागते आणि मग ती वरवर सरकत जाते. मी हे एका ओळखीच्यांच्या घरी बघितलंय. त्यांना पुढे गवंडी आणून सगळी कमान उतरवून परत बांधावी लागली.

आता तो माणूस अडेल म्हणतोय ते मात्र खरं आहे, आणि दुकानात आधी कुणाच्या लक्षात का आलं नाही तर तुम्ही उंची मधोमध मोजली म्हणून. सगळेच तिथे मोजतात, टेप तिथेच लावावीशी वाटते. पण इन्सर्ट म्हणजे लोखंडी खोका आहे, त्याचे वरचे दोन कोपरे चौकोनी, आणि ते कोपरे कमानीच्या मध्यावर येत नाहीत, खांद्याकडे येतात जिथे उंची कमी असते. म्हणून कमानीच्या फायरप्लेसची मापं पाच घ्यायची. तोंडाची रुंदी, मागच्या भिंतीची रुंदी (जुन्या फायरप्लेस मागे निमुळत्या होत जातात, ३६ ची मागे २४ पण निघते), फायरप्लेस किती आत जाते ती खोली, मधली उंची, आणि पाचवं, जे कुणी घेत नाही, कमान जिथून वळायला लागते तिथली उंची. सरळ भिंत संपून पहिली तिरकी वीट सुरू होते ना, तिथली.

तुम्हाला मी फोन करून ते पाचवं माप घ्यायला लावलं, ते २० इंच आलं. म्हणजे ३६ रुंदीवर कमान ८ इंच चढते. आता जरा शाळेतली भूमिती काढू या. अशा कमानीच्या वर्तुळाची त्रिज्या काढायला अर्ध्या रुंदीचा वर्ग, म्हणजे १८ चा वर्ग ३२४, त्याला चढावाच्या दुपटीनं म्हणजे १६ नं भागायचं, आले सव्वावीस, त्यात अर्धा चढाव म्हणजे ४ मिळवायचे, झाली सव्वाचोवीस इंच. तुमचा इन्सर्ट २८ इंच रुंद म्हणजे त्याचा कोपरा मध्यापासून १४ इंचांवर येणार. तिथे कमान किती वर आहे हे पायथागोरसनं काढलं तर २० च्या वर साडेतीन इंच, म्हणजे तिथे उंची साधारण साडेतेवीस. मध्यावर २८ आणि १४ इंच बाजूला सरकलं की साडेतेवीस! इन्सर्टला पाहिजेत २४. अर्ध्या इंचानं अडतोय, आणि त्या अर्ध्या इंचासाठी ९० वर्षांची कमान फोडायला निघालेत. तोच इन्सर्ट २४ इंच रुंद असता तर त्याच्या कोपऱ्यावर पावणेपंचवीस इंच मिळाले असते आणि तो सरळ आत गेला असता.

म्हणून माझं म्हणणं मॉडेल बदला, कमान नाही. बाजारात असे इन्सर्ट आहेत ज्यांचा आत जाणारा भाग अरुंद आणि बुटका असतो आणि पेलेट भरायचा हॉपर फायरप्लेसच्या पुढच्या ओट्यावर येतो. कॅटलॉगमध्ये समोरच्या दर्शनी पॅनलचं माप मोठ्या अक्षरात असतं, ते बघून घाबरायचं नाही आणि खूषही व्हायचं नाही, आतल्या धडाची तीन मापं शोधायची, ती मॅन्युअलच्या आकृतीत असतात. मॉडेल नक्की करायच्या आधी जुन्या फ्रिजच्या नाहीतर टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, त्या धडाच्या मापाचा खोका बनवा आणि तो फायरप्लेसमध्ये ढकलून बघा. आकडेमोड चुकू शकते, पुठ्ठा चुकत नाही. आणि खोका आत गेला म्हणजे झालं असं नाही, त्याच्या वर हात घालून धुराच्या पाइपचा सांधा जोडता येईल का तेही तेव्हाच बघा. इन्सर्टचं वजन तीनचारशे पाउंड असतं, तिरका करून घुसवू असा विचार मनातसुद्धा आणू नका.

एवढं करूनही कुठलाच इन्सर्ट बसत नसेल तर सुटा पेलेट स्टोव्ह घ्या, पायांवर उभा राहणारा, तो फायरप्लेसच्या पुढच्या ओट्यावर ठेवायचा आणि पाइप मागून फायरप्लेसमधून वर न्यायचा. त्याला ओटा पुरेसा खोल पाहिजे आणि मॅन्युअलमध्ये दिलेली अंतरं पाळायला पाहिजेत. कमान पूर्ण दिसत राहते हा त्याचा फायदा. मला स्वतःला हा पर्यायही मनापासून आवडतो.

प्रश्न (त्यांच्याच पत्नीकडून, वेगळं पत्र): ताई, समजा अरुंद इन्सर्ट मिळाला, तरी त्याच्याबरोबर येणारं काळं पॅनल चौकोनी असतं. ते लावलं तर कमान झाकली जाणार, छोटं लावलं तर वर अर्धचंद्रासारखी फट राहणार. याला काही उपाय?

उत्तर: आहे, आणि मी तो स्वतः केलाय म्हणून जरा सविस्तर सांगते.

पॅनल कमानीच्याच आकाराचं कापून घ्यायचं. पण कमानीच्या आत बरोबर फिट बसेल असं नाही, कारण जुन्या विटांचा काठ कधीच एकसारखा नसतो, कुठे चुना बाहेर आलेला, कुठे वीट पाव इंच आत, आणि फिट पॅनलची प्रत्येक फट डोळ्यात भरते. त्यापेक्षा कमानीपेक्षा वरून आणि दोन्ही बाजूंनी पाऊण ते एक इंच मोठं कापायचं, म्हणजे ते विटांच्या दर्शनी बाजूवर टेकून बसतं, वेडावाकडा काठ झाकला जातो आणि कमानीची गोलाई मात्र तशीच दिसते, कमानीच्या उभ्या विटांची जवळजवळ पूर्ण रांग वर मोकळी राहते.

साचा असा काढायचा. पुठ्ठ्याचे दोन तुकडे घ्या, डावा आणि उजवा, मध्ये एकमेकांवर सरकतील एवढे मोठे. डावा तुकडा डाव्या बाजूला आतून नीट भिडवून कापत कापत बसवा, तसाच उजवा, आणि दोन्ही मनासारखे बसले की मधे चिकटपट्टीनं जोडून टाका. हे झालं कमानीचं आतलं माप, पॅनल कापताना त्याच्याभोवती तो पाऊण ते एक इंच वाढवायचा. एका अख्ख्या पुठ्ठ्यावर दोन्ही बाजू एकदम जुळवायला गेलात तर दिवस जाईल, कारण डावी उजवी सारखी नसतेच. आमची डावी बाजू उजवीपेक्षा तीन अष्टमांश इंचानं खाली होती. आणि साचा तयार झाल्याबरोबर त्याच्यावर मार्करनं मोठ्या अक्षरांत लिहा ‘पुढची बाजू’. मी नव्हतं लिहिलं. पत्रा कापणाऱ्यानं साचा उलटा ठेवला, पॅनल आरशातल्यासारखं आलं, घरी आणून लावलं तर एका खांद्यावर विटांचा वेडावाकडा काठ उघडा पडलेला आणि दुसऱ्यावर पत्रा विटेवर जास्तच चढलेला. चूक माझीच होती, दुसरा पत्रा आणि दुसरी मजुरी द्यावी लागली. तेव्हापासून ज्यांना ज्यांना सांगते त्यांना आधी मार्कर आणायला सांगते.

पत्रा १४ गेजचा घ्या, म्हणजे साधारण दोन मिलिमीटरचा. यापेक्षा पातळ घेतला तर उष्णतेनं फुगून टणटण आवाज करतो. गावातल्या कुठल्याही शीट मेटलच्या नाहीतर वेल्डिंगच्या दुकानात लेझरनं कापून मिळतो, मधे इन्सर्टसाठी चौकोनी भोक. रंग स्टोव्हचाच, १२०० फॅरनहाइट सोसणारा, साधा काळा स्प्रे चालणार नाही. पॅनलच्या मागच्या कडेला सिरॅमिक फायबरची दोरी चिकटवा, म्हणजे विटांच्या खाचखळग्यांत ती दबून बसते आणि हवा येत नाही. फायबरग्लास कोंबू नका, त्यातला चिकटवण्याचा पदार्थ तापून वास मारतो. पॅनल धरून ठेवायचं काम इन्सर्टच्या बाजूच्या पट्ट्यांनी करायचं, विटांत स्क्रू मारायचे नाहीत, अगदीच लागला तर दोन विटांमधल्या सांध्यात मारा, तो नंतर बुजवता येतो. आणि इन्सर्ट खोलीतली हवा जिथून ओढतो आणि गरम करून जिथून सोडतो त्या जाळ्या पॅनलनं झाकल्या जाणार नाहीत हे साच्यावरच आखून घ्या. कापायला देण्याआधी डीलरलाही दाखवा, काही कंपन्या स्वतःच मोठं कोरं पॅनल देतात, तेच कमानीसारखं कापून घेता येतं.

शेवटचं, पॅनल काढता आलं पाहिजे. वर्षातून एकदा इन्सर्ट बाहेर ओढून मागची राख काढायची असते, चार स्क्रू काढले की पॅनल हातात आलं पाहिजे. पहिल्यांदा पेटवाल तेव्हा रंग भाजल्याचा वास येईल, दोनतीन तास खिडक्या उघड्या ठेवा, लहान मूल घरात असेल तर त्याला तेवढा वेळ दुसरीकडे न्या.

प्रश्न (नॅशुआ, न्यू हॅम्पशायर): आमची चिमणी चांगली आहे, आत मातीच्या टाइल्स आहेत, दहा वर्षं लाकूड जाळतोय. इन्स्टॉलर म्हणतो वरपर्यंत स्टीलचा लायनर, म्हणजे चिमणीच्या आतून धुराचा पाइप, टाकायचाच. दुसरा म्हणतो डँपरच्या (चिमणीच्या तळाशी असलेल्या झडपेच्या) वर चार फूट पाइप सोडला की पुरे. लायनर महाग आहे. खरंच लागतो का?

उत्तर: लागतो. वरपर्यंत.

ज्यांच्या लहानपणी घरात पाणी तापवायला तांब्याचा बंब होता त्यांना हे लगेच कळेल. बंबाच्या मधून धुराची नळी जाते, ती अरुंद असते म्हणून धूर गरम राहतो आणि सरसर वर चढतो. तीच नळी घागरीएवढी रुंद केली असती तर धूर मधेच गार होऊन रेंगाळला असता. पेलेट स्टोव्हचा धूर मुळातच कमी गरम असतो, कारण स्टोव्हनं त्यातली उष्णता घरासाठी काढून घेतलेली असते, आणि तो थोडासाच असतो. असा धूर ८ बाय १२ इंचांच्या टाइलच्या चिमणीत सोडला तर तो पसरतो, गार होतो, पाणी सुटतं, आणि बारीक राख त्या ओलीवर चिकटून थर बसतो. न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या या थंड ईशान्य भागातल्या, बाहेरच्या भिंतीच्या चिमणीत तर विचारूच नका. शिवाय पेलेट स्टोव्हमध्ये पंखा धूर ढकलत असतो, चिमणीची ओढ थोडी कमी पडली आणि पंखा बंद पडला की धूर घरात यायला वाट मिळते. चार फूट पाइप सोडणं म्हणजे नळी अर्ध्यावर तोडून ठेवण्यासारखं आहे.

किती इंची? बहुतेक मॅन्युअलमध्ये एक हिशोब असतो. उभ्या पाइपच्या प्रत्येक फुटाला अर्धा, आडव्या फुटाला एक, ४५ अंशांच्या बाकाला तीन आणि ९० च्या बाकाला पाच. बेरीज १५ च्या वर गेली की ३ इंची पाइप पुरत नाही, ४ इंची लागतो. तुमची चिमणी २४ फूट आहे म्हणताय, त्याचे १२, आणि डँपरमधून वळसा घेऊन जायला ४५ चे दोन बाक म्हणजे ६, झाले १८. म्हणजे ४ इंची. तुमच्या स्टोव्हच्या मॅन्युअलमध्ये वेगळं असेल तर तेच पाळा.

लायनर टाकण्याआधी चिमणी घासून पूर्ण साफ करून घ्या, दहा वर्षांच्या लाकडाचं काजळीचं डांबर आत तसंच ठेवून वरून लायनर टाकायचा नाही. डँपरची झडप काढून टाका किंवा उघडी बांधून टाका, आणि त्या जागी पत्र्याची प्लेट बसवा, मधे लायनरसाठी भोक, प्लेटच्या वर रॉकवूल (न जळणारी दगडी लोकर). ही प्लेट बरेच जण गाळतात आणि मग म्हणतात खोली तापत नाही. तापणार कशी, गरम हवा सगळी चिमणीत जाऊन बसते. वर टोपी, टोपीला जाळी. तळाशी राख खाली बेसमेंटमध्ये पाडायची जुनी लोखंडी झडप असेल तर ती बुजवायची घाई करू नका, बाहेरची हवा स्टोव्हला आणायला तो आयता मार्ग मिळतो.

टाउनच्या बिल्डिंग डिपार्टमेंटचं परमिट काढा आणि इन्शुरन्सवाल्यांना पत्रानं कळवा. परमिटशिवाय बसवलेला स्टोव्ह आग लागल्यावर क्लेमच्या वेळी आडवा येऊ शकतो, आणि घर विकताना तर येतोच. कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर त्या मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांबाहेर पाहिजेच, यात तडजोड नाही.

प्रश्न (श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स): मावशी, आईबाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेत. बाबा विचारतात हे पेलेट म्हणजे नक्की काय, आणि लाइट गेली तर काय करायचं? ऑइलपेक्षा खरंच स्वस्त पडतं का?

उत्तर: बाबांना सांग भुशाची शेगडी आठवा. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी करून भोवती लाकडाचा भुसा ठोकून ठोकून भरायचा, बाटली हळूच काढून घ्यायची आणि खालच्या भोकातून पेटवायचं, तासन् तास मंद जळायची. पेलेट म्हणजे तोच भुसा, फक्त यंत्रात दाबून ६ मिलिमीटर जाडीच्या गोळ्या केलेल्या. डिंक वगैरे काही घालत नाहीत, लाकडातलंच लिग्निन गरम दाबानं मऊ होऊन चिकटतं. इथून फार लांब नाही, न्यू हॅम्पशायरच्या जॅफ्री गावात मोठा कारखाना आहे. बाबांना एक प्रयोग करून दाखव, ग्लासभर पाण्यात चार गोळ्या टाक, बघता बघता फुगून परत भुसा होतो. म्हणून पिशव्या गॅरेजमध्ये जमिनीवर ठेवू नकोस, लाकडी पॅलेटवर ठेव, ओली गोळी ऑगरमध्ये, म्हणजे तो स्क्रूसारखा दांडा गोळ्या पुढे ढकलतो ना त्याच्यात, फुगून बसली की सगळं उघडावं लागतं.

हा स्टोव्ह अमेरिकेतलाच, १९८० च्या दशकात वॉशिंग्टन राज्यात जेरी व्हिटफील्ड नावाच्या बोइंगमधल्या इंजिनिअरनं घरगुती पेलेट स्टोव्ह बनवला. त्याच्याआधी सत्तरच्या दशकात तेलाचे भाव भडकले होते, लोक पर्याय शोधतच होते.

पैशाचा हिशोब तू स्वतः कर, भाव रोज बदलतात म्हणून मी आकडा देत नाही, रीत देते. एका पाउंड पेलेटमध्ये साधारण ८००० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक). ४० पाउंडाची पिशवी, ५० पिशव्यांचा टन, म्हणजे टनाला १ कोटी ६० लाख बीटीयू. हीटिंग ऑइलच्या गॅलनमध्ये सुमारे १,३८,५००. म्हणजे एक टन पेलेट म्हणजे ११५ गॅलन ऑइल. पेलेटच्या टनाचा भाव ११५ नं भाग, टन ३५० डॉलरला असेल तर तीन डॉलर चार सेंट येतात, ऑइलचा गॅलन त्याच्यापेक्षा महाग असेल तर पेलेट जिंकलं. स्टोव्ह आणि बॉयलर दोघांची कार्यक्षमता साधारण सारखी धरलीय यात. पिशवीवर प्रीमियम ग्रेड आहे ना बघ, त्यात राख एक टक्क्याच्या आत असते. आणि एक, ३० टक्के टॅक्स क्रेडिट मिळायचं ते ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या स्टोव्हला नाही, अजून कुणी त्याचं आमिष दाखवून विकत असेल तर सावध राहा.

लाइट गेली की स्टोव्ह बंद, हे मात्र खरं, आणि हे घेण्याआधी माहीत पाहिजे. ऑगर, दोन्ही पंखे, सगळं विजेवर. डिसेंबर २००८ मध्ये इथे बर्फाचं वादळ झालं, झाडांवर काचेसारखा बर्फ चढून फांद्या तारांवर पडल्या, काही गावांत दोन आठवडे वीज नव्हती. अशा वेळी लाकडाचा स्टोव्हच कामाला येतो, पेलेट नाही. पण चारसहा तासांसाठी उपाय आहे आणि तो महाराष्ट्रात लोडशेडिंग काढलेल्या माणसाला समजावून सांगायला नको, इन्व्हर्टर आणि बॅटरी. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा घे, नाहीतर पंख्याच्या मोटरी गुणगुणतात आणि तापतात. पेटताना इग्नायटर, म्हणजे गोळ्या पेटवणारा विजेचा भाग, तीनचारशे वॉट खातो, एकदा पेटला की १०० वॉटच्या आसपास. १०० अँपिअर-तासांची साधी बॅटरी अर्धीच वापरायची म्हटलं तरी ६०० वॉट-तास होतात, म्हणजे सहा तास निघाले. वीज एकदम गेली तर स्टोव्हचं दार उघडायचं नाही, आतला धूर आपोआप जाऊ दे.

आणि आईला सांग, राख टाकून देऊ नका. ती पूर्वी भांडी घासायला ठेवायची तशी इथे काचेला उपयोगी पडते, ओल्या कागदावर चिमूटभर राख घेऊन स्टोव्हची गार झालेली काच पुसायची, काजळी लगेच निघते. बाकीची झाकणाच्या लोखंडी डब्यात, घराबाहेर, लाकडी डेकवर नाही, कारण राखेत निखारा दोनदोन दिवस जिवंत राहतो. उन्हाळ्यात ती भाजीच्या वाफ्यात थोडी थोडी घालता येते, फक्त ब्लूबेरीच्या झुडपांना नको, त्यांना आम्लट माती लागते.

प्रश्न (पाचगणी): आमच्या जुन्या बंगल्यात ब्रिटिशांच्या वेळची दगडी कमानीची फायरप्लेस आहे, कित्येक वर्षं बंद. मुलगी अमेरिकेत आहे, ती म्हणते येताना पेलेट इन्सर्टची व्यवस्था करते. करावी का?

उत्तर: काका, अमेरिकेतला मुळीच आणू नका. तो ११५ व्होल्ट आणि ६० हर्ट्झवर चालतो, आपल्याकडे २३० आणि ५०, ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट जुळतात पण हर्ट्झ जुळत नाहीत आणि मोटरींचा वेग बिघडतो, मग हवा आणि गोळ्यांचं गणितच चुकतं. युरोपातले, विशेषतः इटलीतले स्टोव्ह आपल्या विजेवर चालतात, पण पुढचा प्रश्न जळणाचा. आपल्याकडे मिळणारे पेलेट बहुतेक कारखान्यांच्या बॉयलरसाठी केलेले असतात, शेतातल्या काडीकचऱ्याचे, जाड आणि राख भरपूर. घरगुती स्टोव्हच्या छोट्याशा वाटीत ती राख वितळून दगडासारखा गठ्ठा होतो आणि स्टोव्ह सारखा विझतो. आणि दुरुस्तीला माणूस कुठून आणणार?

पाचगणीच्या थंडीला एवढी यंत्रणा लागतही नाही. चिमणी कित्येक वर्षं बंद आहे म्हणताय तर आधी वरून कुणाला तरी बघायला लावा, आत घरटी असतील, मधमाश्यांचं पोळं असेल, पावसानं सांधे सुटलेले असतील. आरसा तिरका धरून फायरप्लेसमध्ये खालून वर बघा, दुपारी बारा वाजता, आकाशाचा तुकडा दिसतो का. दिसला तर गवंड्याला बोलावून सांधे चुन्यानं भरून घ्या, सिमेंटनं नको, जुन्या दगडी कामाला सिमेंट कडक पडतं आणि उष्णतेनं सुटून येतं. मग दोन वाळकी लाकडं पेटवून खिडकी थोडी उघडी ठेवून बसा. कमानीचे फोटो मात्र मला जरूर पाठवा.